शक्ती असलेल्या मित्रांच्या कथेत साध्या मुलालाही शेवटी शक्ती द्यावी का?

देऊ नका. चौघांपैकी तिघांकडे शक्ती आहे आणि चौथा वाचकांना निरुपयोगी वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. शेवटच्या प्रकरणात त्याच्याही अंगात काहीतरी जागं करणं हा त्यावरचा उपाय नाही. हाच सल्ला मला एका संपादकांनी दिला होता आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या दीर्घकथेतल्या मुलीला पुढे घडणारं झोपेत दिसतं. सकाळी तिला काही आठवत नाही, म्हणून तिचा थोरला भाऊ रात्र रात्र जागून तिची बडबड वहीत टिपून ठेवतो. त्याला कसलीच शक्ती नाही. टिपता टिपता त्याच्या ध्यानात येतं, की तिला घटना बरोबर दिसते, पण माणसं चुकतात. बुडणारा म्हणून ती ज्याचं नाव घेते, तो काठावर उभा असतो. तिला स्वतःला हे कधीच कळलं नसतं. पुढे तिच्या शब्दावर विसंबून लोक एका निरपराध माणसाला धरतात, तेव्हा हा भाऊ वही घेऊन एकटा सगळ्यांच्या आडवा येतो.

संपादक म्हणाले, "शेवटी भावालाही दिसू लागू द्या. वाचकाला काहीतरी बक्षीस हवं. आत्ता तो नुसता बघ्या वाटतो."

बघ्या! अख्ख्या कथेत खरंखोटं पडताळून पाहणारा तो एकटाच होता. मी विचारलं, "सर, मग वहीचं काय?" त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी कथा परत घेतली.

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' (2005–2008) या मालिकेतला सोक्का आठवा. बहीण पाणी वळवते, मित्र वारा वळवतो, सोक्काला शेवटपर्यंत काहीच वळवता येत नाही. पण सूर्यग्रहणात शत्रूची अग्निशक्ती नाहीशी होते हे तोच ओळखतो आणि त्या दिवसासाठी हल्ल्याची योजना आखतो. मोहीम फसते, पण त्याचं महत्त्व उणावत नाही. ताकद कुठे संपते हे शोधायची गरज ती नसलेल्यालाच जास्त पडते. त्याच्या हातातून आगीचे लोळ निघाले असते, तर तो ग्रहणाच्या मागे कशाला लागला असता?

तुमच्या चौथ्यालाही असं काम द्या, जे त्या तिघांना सुचणारच नाही. एक निर्णय त्याला एकट्याला घेऊ द्या आणि त्याची झळही त्यालाच बसू द्या.

हां, पहिल्या प्रकरणापासून त्याच्या सुप्त शक्तीच्या खुणा पेरल्या असतील, तर गोष्ट निराळी. आणि पकडलं जाणं आणि सोडवलं जाणं एवढंच त्याच्या वाट्याला येत असेल, तर तुमच्या वाचकांचं बरोबर आहे. तेव्हा मधली प्रकरणं पुन्हा लिहा. पण बक्षिसाची भाषा कुणी केली तर ऐकू नका. तुमचा मुलगा आधीच्या प्रकरणांत जे शक्तीविना करून दाखवतो, ते त्या बक्षिसापायी पुसलं जाईल.