चुन्याच्या भिंतीला सिमेंट का मानवत नाही?

प्रश्न : पुण्यातल्या पेठेत आमचे विटा-चुन्याचे जुने घर आहे. तळमजल्यावर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत गिलाव्याचे पोपडे निघत होते. चार वर्षांपूर्वी तेवढा पट्टा काढून वॉटरप्रूफिंगचे रसायन घातलेले सिमेंट प्लास्टर केले. आता ओल त्याच्याही वर, साडेचार फुटांवर दिसते आणि भिंतीला लोणा लागला आहे. पुन्हा काय करावे?

उत्तर : ओल वर सरकली ती सिमेंटमुळेच. जोत्यातून वर चढणारे पाणी पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जात असे. सिमेंटने ती वाट अडवली, म्हणून पाणी प्लास्टर संपते त्याच्याही वर चढले. पाण्याबरोबर आलेले क्षार भिंत सुकते तिथे स्फटिक धरतात, फुगतात आणि गिलावा आतून ढकलतात. लोणा, म्हणजे भिंतीवर दिसणारी पांढरी पावडर, हे तेच क्षार.

आधी पाण्याचा बंदोबस्त करा. अंगणातले पेव्हर ब्लॉक भिंतीला भिडवले असतील, तर भिंतीलगतची दीड फुटाची पट्टी उकरून तिथे खडी भरा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली हवी. पावसाळी पन्हळ आणि मोरीचा पाइप कुठे गळतो आहे का, तेही पाहा.

मग सिमेंट काढा, ओलीच्या रेषेच्या वर एक फूटभर जाऊन. वरची कड आधी ग्राइंडरने कापून घ्या, म्हणजे ठोकाठोकीने वरचा चांगला गिलावा हादरणार नाही. घण नको, हलकी हातोडी आणि छिन्नीच वापरा, नाहीतर सिमेंटबरोबर विटांचे तोंडही निघून येते. सांधे अर्धा इंच खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाका. धुतलात तर तो विरघळून परत आत जाईल.

यानंतर थांबायचे, आणि गवंड्याला नेमके हेच नको असते. जाड भिंत ढोबळमानाने महिन्याला एक इंच सुकते. 14 इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी ठेवली तरी सहा-सात महिने धरा. ऑक्टोबर अखेरीस उघडली, तर गिलावा मेमध्ये. मधून मधून लोणा झाडत राहा.

गिलाव्याचे माप : मुरलेला चुना 1, धुतलेली जाडसर वाळू 3, दोन्ही घनफळाने. एक मीटर उंच, तीन मीटर लांब पट्ट्याला 20 मिमी जाडीसाठी सुमारे 70 लिटर वाळू आणि 23 लिटर चुना लागेल. भिंत उंचसखल असेल तर जास्त. वाळू धुण्यात हयगय नको, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) असेल तर हयगय मुळीच नको, कारण तिच्यातल्या भुकटीने भेगा पडतात. खाडीची वाळू तर वर्ज्यच. क्षार आपणच आणल्यासारखे होईल.

भिंतीवर पाणी शिंपडा, पण ते ओघळता कामा नये. पहिला थर 10-12 मिमीचा, थापीने जोरात मारून बसवा आणि आडवेतिडवे ओरखडे काढा. नखाने दाबून खूण उमटेनाशी झाली की दुसरा थर द्या. त्याला आठवडा किंवा अधिक लागतो. लाकडी रंध्याने घोटा. लोखंडी थापीने फार चकाकी आणली, तर पृष्ठभाग बंद होतो. आठ-दहा दिवस ओले गोणपाट समोर टांगून दमट ठेवा; पाइपने पाणी मारू नका. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो, म्हणून वर चुन्याच्या पातळ सफेदीचे चार-पाच हात पुरेत. प्लास्टिक पेंट किंवा बाजारी पुट्टी लावली, तर सगळे काम पाण्यात.

प्रश्न : वाड्यातले लाकडी खांब गिलाव्यात झाकले आहेत. खांबाच्या कडेने दरवर्षी तीच भेग उघडते.

उत्तर : लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंत तसे करत नाही. ती भेग कितीही भरली तरी उघडणारच. आमचा कौल खांब उघडा करून सांध्यात पाच-सहा मिमीची सरळ खाच ठेवण्याला. झाकायचाच असेल, तर खांबावर जाड कागद लावा आणि गॅल्व्हनाइज्ड जाळी दोन्ही बाजूंना सहा इंच भिंतीवर नेऊन तिथेच ठोका. लाकडात खिळा मारलात, तर लाकूड हलताना जाळीलाही ओढेल.

प्रश्न : चुन्याची भट्टी जवळ नाही. पिशवीतली चुन्याची पूड चालेल का?

उत्तर : ताजी असेल तर चालेल. चमचाभर पुडीवर लिंबू पिळा. खूप फेस आला, तर हवा लागून तिचा खडू झाला आहे, परत करा. चांगली पूड किमान 24 तास पाण्यात भिजवून लोण्यासारखी झाल्यावर वापरा. कळीचा चुना (भट्टीतले, अजून पाण्यात न विरवलेले खडे) मिळालाच, तर तो थोडा थोडा पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळून उडतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना बारीक चाळणीतून गाळून निदान दोन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. न विरलेले खडे राहिले, तर पुढे महिनोन्महिने गिलाव्यावर फोड येत राहतात.