जुन्या स्टिरिओला स्ट्रीमिंग जोडताना

फोनवरची स्ट्रीमिंगची गाणी जुन्या स्टिरिओवर कशी ऐकायची, असं तुम्ही विचारलंत. नाशिकला पंचवटीतल्या घरात वडिलांचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर अजून ठणठणीत आहेत म्हणता, मग तुमचं निम्म्याहून जास्त काम झालंय! नवं काही विकत घेण्याआधी ॲम्प्लिफायरची मागची बाजू बघा. ऑक्स, सीडी किंवा टेप लिहिलेली लाल-पांढऱ्या सॉकेटची जोडी मोकळी असेल तर बस्स. फोनो लिहिलेल्या जागी मात्र काही जोडू नका. ती रेकॉर्ड प्लेयरची जागा; तिथे आवाज फाटतो आणि बेस नको तितका फुगतो. नवशिक्यांची ही चूक मी कितीदा पाहिलीय, आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला जातो.

सुरुवात स्वस्तात करा. फोनला यूएसबी-सी ते हेडफोन जॅक अडॅप्टर आणि पुढे त्या लाल-पांढऱ्या सॉकेटमध्ये जाणारी आरसीए केबल, एम. जी. रोडवर दोन्ही मिळतील. गोडी लागली की वायफाय स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणी घेऊन ॲम्प्लिफायरला देणारी छोटी डबी, घ्या, वीम मिनीसारखा. ब्लूटूथवर थांबू नका: त्यात आवाज दाबून पाठवला जातो, वायफायवर सीडीच्या दर्जाचा जसाच्या तसा येऊ शकतो.

गाण्यांच्या ॲपमध्ये लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न गाळता पाठवण्याचा पर्याय, स्वतः चालू करा, बऱ्याचदा ते बंदच असतं. ॲपल म्युझिकमध्ये २०२१ पासून ते त्याच वर्गणीत मिळतं.

वाड्याच्या जाड भिंतींतून वायफाय अडखळत असेल तर राउटर जवळ आणा. महागड्या केबल, १९२ किलोहर्ट्झसारखे सीडीहून वरच्या दर्जाचे आकडे वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. आधी स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि ओळखीचं एखादं भजन शांतपणे ऐका.