ठेव अठराव्या वर्षाची, अडचण दिवाळीनंतरची

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, पुण्यात राहते. बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या माझ्या माहेरी शेजारची मुलगी नववीत आहे. आई-वडील ऊसतोडीला जातात. मागे ती, सात वर्षांची बहीण आणि आजी. पत्र्याच्या खोलीला आतून धड कडीही नाही. यंदा हंगामाआधी तिचं लग्न उरकायचं घाटतंय. माझ्या तीन लाखांच्या ठेवीची मुदत संपलीय. ती मुलीच्या नावावर, अठरा पूर्ण होईपर्यंत ठेवू का?

उत्तर : बाई, नका ठेवू. मदत जरूर करा, पण अशी नको.

अल्पवयीन मुलीच्या नावावरच्या ठेवीवर बहुतेक वेळा सही चालते पालकाची. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटली नाही की ती मोडायला बापाला कितीसा वेळ लागणार? आणि टिकलीच, तर अठराव्या वर्षी हातात आलेली एकरकमी रक्कम कुठे जाते तेही बघा. माझ्या एका ग्राहकाने अशीच ठेव ठेवली होती. ती मांडवाला आणि हुंड्याला गेली.

तुमची अडचण अठराव्या वर्षाची नाहीच, दिवाळी ते एप्रिलची आहे. आई-बाप फडावर असताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. त्यात लग्न झालं की सासरकडे नवा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, उभा राहतो, जोडप्याला पूर्ण उचल मिळते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या शंभरातल्या सुमारे 44 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. तेव्हा पैसा त्या सहा महिन्यांवर खर्च करा.

आधी वसतिगृह. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत. तालुक्याला जागा आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, फोनवर भागणार नाही. मिळाली तर तुमचा खर्च कपडे, वह्या, शिकवणी, सुट्टीतलं येणं-जाणं एवढाच. नाही मिळाली, तर ती घरून शाळेत जाईल. एसटीचा पास ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे. मग पैसा आजीच्या औषधपाण्याला, किराण्याला आणि रात्री सोबतीला येणाऱ्या एखाद्या नात्यातल्या बाईला द्या.

महिना अडीच हजार धरले तर वर्षाला तीस हजार, बारावीपर्यंत चार वर्षांचे एक लाख वीस हजार. एवढेच बचत खात्यात आणि छोट्या मुदतीच्या ठेवींत फिरते ठेवा. उरलेले एक लाख ऐंशी हजार चार वर्षांसाठी तुमच्याच नावावर ठेवा, साडेसहा टक्के व्याज धरलं तरी दोन लाख तीस हजारांच्या आसपास होतील. ते नर्सिंगला किंवा पदवीला, फी थेट कॉलेजात भरून. मुलीच्या हातात रोख नको, बापाच्या तर नकोच. नॉमिनी म्हणून तुमच्या घरच्या कुणाचं नाव लावा आणि या पैशाचं काय करायचं ते त्यांना लिहून ठेवा. माणसाचं काही सांगता येत नाही.

करात सूट मिळेल ही आशा सोडा. अशी वजावट नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, तीही जुन्या करप्रणालीत.

धाकटीचं सुकन्या समृद्धी बचत खातं मात्र उघडायला लावा. दहा वर्षांच्या आत उघडावं लागतं, ते पालकच उघडू शकतात, वर्षाला किमान 250 रुपये. लग्नासाठी ते बंद करायचं झालं तरी अठरा पूर्ण व्हावी लागतात, हा नियम इथे आपल्याच उपयोगाचा आहे.

लग्नाची बोलणी खरोखर पुढे गेली असतील तर ठेवीचा हिशेब बाजूला ठेवा आणि 1098 या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, त्यालाही सांगा. पण त्याआधी एकदा तिच्या आईशी बोला, एकटीशी. वर्षाचा खर्च मी बघते, हे ऐकल्यावर ती काय म्हणते ते मला कळवा, मग पुढचे आकडे बसवू.

आणि गावाला जाल तेव्हा सुताराला घेऊन त्या दाराला कडी बसवून या.