भाडं थकल्यामुळे घर सोडावं लागलेल्या विडी कामगार कुटुंबाला सोलापुरात हक्काचं घर मिळेल का?

मिळू शकतं, पण लगेच नाही. आज रात्रीचं छप्पर हवं असेल तर आधी महापालिकेत बेघर निवारा केंद्राची चौकशी करा. मग प्रधानमंत्री आवास योजनेचा अर्ज. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत आणि देशात कुठेही पक्कं घर नको. घरातल्या सगळ्यांचं आधार लागतं. माझ्या मते लोक अडतात ते इथंच, एकाच्या नावात 'व्यंकटेश', दुसरीकडे 'वेंकटेश'! ते आधी दुरुस्त करा. पिशवीत घडी घालून ठेवलेलं विडी कार्ड, म्हणजे विडी कामगाराचं ओळखपत्रही जपा.

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प आहे. १९ जानेवारी २०२४ ला पहिली १५,००० दिली. तिथं कामगार संघटनेकडे विचारा. एजंटाला मात्र दमडी देऊ नका.