डायरीतली मी खरी की आठवणीतली?

प्रश्न : ताई, परवा माळा आवरताना माझी कॉलेजची डायरी सापडली. गेली वीस-बावीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय की हॉस्टेलचे दिवस म्हणजे आयुष्यातले सगळ्यात भारी दिवस, आणि डायरीत बघते तर पानामागून पान रडणंच. एका पानावर नुसतं एवढंच, "आज पण लायब्ररी बंद होईपर्यंत बसले, रूमवर जावंसंच वाटत नाही," आणि खालची शाई पसरलेली. हे मला अजिबात आठवत नाहीये हो! माझी लेक यंदा फर्स्ट इयरला आहे, हॉस्टेलवर, फोनवर रोज रडवेली असते आणि मी तिला म्हणते अगं एन्जॉय कर, हे दिवस परत येत नाहीत. आता तिच्याशी कुठल्या तोंडाने बोलू? इतकी वर्षं मी खोटं बोलत होते का?

उत्तर : नाही हो, खोटं नाही बोललात. तुम्हाला जे आठवत होतं तेच सांगत होतात, फक्त आठवण स्वतःच निवडून ठेवते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

1996 साली मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या 99 मुलांना त्यांच्या शाळेतल्या ग्रेड्स आठवून सांगायला लावल्या आणि मग त्या शाळेच्या रेकॉर्डशी ताडून पाहिल्या. 'ए' ग्रेड 89 टक्के वेळा बरोबर आठवली आणि 'डी' फक्त 29 टक्के! चुका झाल्या त्यातल्या बहुतेक वरच्या बाजूला, म्हणजे मिळालेल्या ग्रेडपेक्षा चांगली ग्रेड आठवली. ही मुलं शाळा सोडून फार दिवस झालेली नव्हती, आणि ग्रेड तर कागदावर छापलेली गोष्ट. मग एकटेपणा, जो कुठेच छापलेला नसतो, तो वीस वर्षांनी जसाच्या तसा कसा सापडणार?

त्यात अजून एक आहे. कडू प्रसंगातला कडवटपणा गोड प्रसंगातल्या गोडव्यापेक्षा लवकर ओसरतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. प्रसंग लक्षात राहतो पण टोचणं जातं. माझंच सांगते, तोंडी परीक्षेत माझ्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, समोरचे सर पेनचं टोपण उघडत-मिटत वाट बघत होते, त्यानंतर दोन दिवस मी कुणाशी बोलले नव्हते. आज टोपणाचा तो टकटक आवाज आठवतो पण पोटात गोळा येत नाही, कारण मैत्रिणींना तो किस्सा इतक्यांदा सांगून झालाय की त्याची धार गेलीय. आणि ज्या संध्याकाळी काहीच घडलं नाही, नुसतं छताकडे बघत पडून राहिलो, त्यांचा तर किस्साही होत नाही, त्या सरळ गळून जातात. शिवाय चाळिशी उलटलेल्या माणसांना साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी बाकीच्या काळापेक्षा जास्त येतात, पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी तेव्हाच जास्त घडतात ना, त्यामुळे तो काळ होता त्यापेक्षा मनात मोठा आणि भरलेला दिसतो.

पण म्हणून डायरीच खरी असंही धरू नका. डायरी आपण कधी लिहितो? जीव कासावीस झाला की. ज्या रात्री चौघीजणी पहाटेपर्यंत गप्पा मारत बसलात त्या रात्री पेन हातात घ्यायला सवड कुणाला होती? पुढच्या वेळी डायरीतल्या तारखा बघा, मधले किती दिवस कोरे आहेत ते मोजा. ते कोरे दिवस पण तुमचेच आहेत.

आता लेकीचं, मला खरी काळजी तिचीच वाटतेय. "हे दिवस परत येत नाहीत" हे तुम्ही अगदी मायेने म्हणता, पण रडवेल्या मुलीला त्यातून एवढंच ऐकू येतं की सगळ्यांचे सोनेरी दिवस असतात आणि माझ्यातच काहीतरी कमी आहे. तुम्ही तिला वीस वर्षांत चाळून राहिलेलं सांगताय आणि ती बिचारी न चाळलेला आख्खा दिवस जगतेय, त्यांची तुलना होणारच कशी. आणि हो, तिची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, लेक्चरला जाणं बंद झालं असेल आणि हे दोन आठवड्यांवर चाललं असेल तर फोनवर भागवू नका, जाऊन भेटा आणि समुपदेशकांची मदत घ्या.

तसं नसेल तर आज फोन आला की ते लायब्ररीचं पान तिला वाचून दाखवा, तारखेसकट, शाई पसरलीय तेही सांगा. पुढे लगेच "पण नंतर सगळं छान झालं" असं जोडू नका. थोडं थांबा आणि तिला विचारा, आज संध्याकाळी तू कुठे बसली होतीस गं?