जुन्या झिऑनचा मोह

सर्व्हरचा जुना झिऑन प्रोसेसर, २८ थ्रेड (म्हणजे एकाच वेळी २८ कामं हाताळणारा), एवढ्या स्वस्तात बघून तुझा हात खिशाकडे गेला, समजू शकतो. माझाही गेला होता. पण आधी सांग, मशीनवर करणार काय? कोडिंग, थोडं एडिटिंग, रात्री गेम? मग गुमान डेस्कटॉपचा प्रोसेसर घे.

झिऑन ई५-२६८० व्ही४ हा २०१६ चा. कोर, म्हणजे आतले काम करणारे हात, १४, पण मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, ताणला तर ३.३. डेस्कटॉपच्या आय५-१२४०० ला कोर सहाच, पण तो ४.४ पर्यंत जातो आणि दर ठोक्याला कामही जास्त उरकतो. गेममध्ये बऱ्याचदा मोजक्याच कोरवर बराचसा भार येतो, बाकीचे नुसते बघत बसतात.

झिऑनच्या या चिपमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड आलंच. (आय५ घेतानाही नावापुढे 'एफ' नाही ना, बघ; त्यातही ग्राफिक्स नसतं.) रॅमचं तर विचारूच नकोस. मी एकदा सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम स्वस्तात उचलली, घरच्या डेस्कटॉप मदरबोर्डात बसवली. साध्या बोर्डाला ती चालतच नाही. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. दुकानदार म्हणाला, 'विकलेला माल परत नाही.'

हां, पाच-सहा व्हर्च्युअल मशीन (एकाच कॉम्प्युटरच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर) एकदम चालवायची असतील, भरपूर रॅम लागणार असेल, तर झिऑन जरूर घे. फक्त बोर्ड चालू असताना स्वतः बघून घे. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये असल्या मशीनला रात्रंदिवस एसी असतो. तुझ्या घोडबंदरच्या वन बीएचकेत ती उशाशी घरघरणार, आणि मे महिन्यात आई आधी तिचाच प्लग काढेल.