वाचकांचे प्रश्न : व्हिएतनाममधील कॉफी आणि गिऱ्हाइकाची सरबराई

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त हो ची मिन्ह शहरात राहते. तिथे स्टारबक्सपेक्षा स्थानिक कॉफीगृहांतच अधिक गर्दी असते, असे ती सांगते. सेवेत परदेशी कंपन्या सरस असतील, असा आमचा समज होता. मग असे का व्हावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला समज निम्मा बरोबर आहे. हसतमुख स्वागत, स्वच्छता आणि प्रत्येक शाखेत सारखी चव या बाबतींत स्टारबक्सला नावे ठेवण्यासारखे फारसे काही नाही. मात्र ही कंपनी २०१३ मध्ये व्हिएतनाममध्ये आली, तेव्हा तिथल्याच बुओन मा थुओत शहरात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ट्रुंग न्गुयेनचा आणि हायलँड्स कॉफीचा, म्हणजे स्थानिक कॉफीगृहांच्या साखळ्यांचा, जम केव्हाच बसला होता. शिवाय चांगली सेवा कशाला म्हणायचे, हे पदपथावर बुटकी स्टुले मांडणाऱ्या कॉफीवाल्यांनी त्याही आधी ठरवून टाकले होते.

अशा जुन्या पद्धतीच्या कॉफीगृहापाशी दुचाकी थांबली, की रखवालदार ती ताब्यात घेऊन रांगेत लावतो आणि हाती चिठ्ठी देतो. सारे शहर दुचाकीवर फिरत असताना ही सोय कॉफीइतकीच मोलाची ठरते. आपण जागेवर बसूनच कॉफी मागवायची. पेल्यावर ठेवलेली ‘फिन’ नावाची धातूची गाळणी तशीच टेबलावर येते आणि तळाच्या कंडेन्स्ड मिल्कवर कॉफी थेंबाथेंबाने उतरत राहते. सोबत बर्फ घातलेला पातळ चहा न मागता आणि बहुधा फुकट मिळतो; कॉफी संपल्यावरही त्याच्या आधाराने तासभर बसता येते आणि कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. पैसे पुष्कळदा उठतानाच द्यायचे असतात.

स्टारबक्समध्ये आधी रांग, आधी पैसे आणि मग नाव पुकारले, की पेला आपणच आणायचा. कॉफी आणून देणारी मुले गिऱ्हाइकाला वयाप्रमाणे दादा, ताई, काका म्हणतात अशा देशात पेल्यावर लिहिलेल्या नावाचे अप्रूप किती दिवस टिकणार?

तरीही सगळे श्रेय सेवेला देणे मला पटत नाही. हायलँड्समध्येही काउंटरवरच पैसे भरावे लागतात, आणि गर्दीच्या वेळी तिथे आतिथ्यापेक्षा घाईच अधिक जाणवते. गिऱ्हाईक टिकते ते चवीमुळे आणि दरामुळे. व्हिएतनाममध्ये मुख्यतः रोबस्टा जातीची कॉफी पिकते आणि तिच्या कडवट, दाट चवीची जिभेला सवय झालेली असते. स्टारबक्सचा सारा भर अरेबिका या सौम्य चवीच्या जातीवर, आणि तिथला पेला स्थानिक साखळीच्या कॉफीपेक्षा बराच महाग. वातानुकूलित शांततेत कामाची बैठक घ्यायची असेल, तर मात्र लोक आवर्जून तिकडे वळतात.

मुलीकडे गेलात, तर दोन्हीकडे जाऊन पाहावे. टिप देण्याची तिथे प्रथा नाही. रखवालदाराने दिलेली चिठ्ठी तेवढी जपावी, कारण ती हरवली, तर दुचाकी आपलीच असल्याचे कागदपत्रे दाखवून पटवून देण्याची वेळ येऊ शकते.